परत आलेल्या वाट्या

आधी तारखा जुळवल्या.
श्रावणाशी श्रावण ताडला, गटारीशी गटारी,
सोमवार-शनिवार वेगळे काढले,
उपासांचं पाप धंद्याच्या माथी नको.
तरी उतार होता तसाच.
राजारामपुरीत दोनशे दहा ताटं होती, एकशे चाळीसवर आली.
शाहूपुरी त्याहून जरा बरी,
गंगावेस बरी नाही, वाईटही नाही,
कावळा नाक्याचं विचारलं तर
मॅनेजर फोनवर नुसता खोकला.

मंगळवारी दुपारी चारला सगळ्यांना बोलावलं,
शेगड्या थंड असताना.
थोरले दीर म्हणाले, रस्ता खणलाय, गिऱ्हाईक गाडी लावणार कुठं?
धाकट्यानं अ‍ॅपवाल्यांच्या कमिशनवर बोट ठेवलं.
सासरे म्हणाले, लोकांच्या जिभा मेल्यात.
मी तिन्ही लिहून घेतलं. जिभांचंसुद्धा.
आणि प्रत्येकापुढं एक रकाना रिकामा ठेवला:
कशावरून?

सासऱ्यांना तो रकाना आवडला नाही.
"हॉटेल चालवायलीस का कोर्ट?"

रस्ता खणला मे महिन्यात. ताटं घटली फेब्रुवारीपासून.
कमिशन नफा खातं, माणसं नाही खात.
जिभांचा पुरावा कुठून आणायचा, कळेना.
एकेक खोडत रात्री अकराला
राजारामपुरीच्या मोरीपाशी गेले,
नळ किती वेळ चालू ठेवता, एवढंच विचारायला.
तानाक्का कोपरापर्यंत फेसात.
"वैनी, तांबडा संपतोय. पांढरा परत यायलाय."
कधीपासून?
"शिरोलीचा टेम्पो सुरू झाल्यापास्नं.
मी बघतो की रोज. वर पाणी, खाली चोथा.
फुटलेला कोण पिणार?"
मग सांगितलं का नाही?
"इचारलं कुणी?"

टेम्पो माझा.
म्हणजे कल्पना माझी: चार ठिकाणच्या चुलींऐवजी एक,
शिरोलीत मोठं किचन, एकच मसाला, एकच हात,
झाकणं घट्ट लावून डबे चार दिशांना.
गेल्या दिवाळीची फाइल अजून आहे.
निळ्या शाईतला तक्ता:
खर्च चाळीस गुण, वेळ पंचवीस,
सारखेपणा पंचवीस,
चव दहा.
बेरीज बरोबर शंभर.
दोनदा तपासली होती.

मटण तोलताना सासरे कुणाला काट्याला बोट लावू देत नाहीत.
मीही लावलं नव्हतं.
मी वजनंच घरून आणली होती.

आता नवा कागद.
शिरोली बंद: कर्जाचे सव्वीस हप्ते बाकी.
पांढरा रस्सा ज्या त्या शाखेत: चार आचारी, रोजचे नारळ,
पहाटे पाचला चूल.
कावळा नाका बंद करून त्यातनं पगार:
नऊ माणसं. नऊ हा आकडा लिहिणं सोपं गेलं,
मग दस्तगीर मुजावर आठवले,
एका हातावर सहा ताटं तोलणारे,
आणि त्या ओळीवर पेन बराच वेळ थांबला.
काहीच न करणं. हाही पर्याय असतो, लिहावा लागतो.
आमच्या घरात तोच सगळ्यात जुना.

ठरलं ते एवढंच:
पंधरा दिवस, एकच शाखा, राजारामपुरी.
पांढरा तिथंच शिजणार, ताटाचा दर तोच,
आणि वाट्या मोजणार तानाक्का.
वही नको म्हणाल्या. मोरीच्या भिंतीवर खडूच्या रेघा,
चार उभ्या, पाचवी आडवी.
पहिल्या दिवशी एकसष्ट परत. दुसऱ्या दिवशी अठ्ठावन्न.
तिसऱ्या दिवशी गॅस संपला, तो धरायचा नाही.
चौथ्या दिवशी सासरे स्वतः येऊन रेघा बघून गेले,
बोलले नाहीत,
एक नारळ तेवढा हलवून पाहिला.

नव्या तक्त्यात चवीपुढं मी अजून काही लिहिलेलं नाही.

आज नववा दिवस. तानाक्कांनी हाक मारली,
एका हातात खडू, दुसऱ्यात वाटी, दिव्याखाली धरलेली.
"वैनी, ही अर्धी प्यालीया.
हिला आलेली म्हणायचं का गेलेली?"